दाताखालची सरकी

सन एकोणीसशे चोपन्न. मी छत्तीस वर्षांचा होतो आणि धरणगावच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, कापूस पारखायचं काम करत होतो. त्या साली माझा खालचा पुढचा दात गेला. तो कसा गेला हे आमच्या सगळ्या नात्याला माहीत आहे, निदान ते तसं समजतात, कारण माझा साडू आजपर्यंत दर लग्नाच्या पंगतीत ती गोष्ट सांगत आला आहे. त्याच्या गोष्टीत मी सरकी चावतो आणि दात तुटतो. लोक हसतात, त्याच्या पानात आणखी एक जिलेबी पडते. दात तुटला नव्हता. तुटला असता तर मला एवढा राग नसता. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायला मला वेळ लागतो. तरी हे मी माझ्याच हाताने लिहून ठेवणार. जिलेबी खाणाऱ्याच्या तोंडून माझी गोष्ट नको.

आधी काम सांगतो, नाहीतर दाताचं महत्त्व कळायचं नाही.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनच्या आवारात लागतात. वरून पाहिलं तर सगळ्यांचा कापूस पांढराच. पण कोणी कोणी वजन वाढावं म्हणून मधल्या थरावर पाणी शिंपडून आणतो. सगळे नाही आणत, पण आणणारा काही कपाळावर लिहून येत नाही. म्हणून पारखणारा गाडीवर चढतो, कापसात खांद्यापर्यंत हात घालतो, तळाचा मूठभर कापूस ओढून वर काढतो. त्यातली एक सरकी, म्हणजे कापसाचं बी, बोटांनी मोकळी करतो, पुढच्या दातांत धरतो आणि चावतो. कापूस सुका असेल तर सरकी कट्‌कन फुटते. ओला असेल तर फुटत नाही, नुसती चेपते, ओल्या चामड्यासारखी. झाली परीक्षा. दुसरं यंत्र नाही, कागद नाही. मी 'सुका' म्हटलं की गाडी काट्यावर, 'ओला' म्हटलं की गाडी फाटकाबाहेर, मग शेतकरी रडो की शिव्या देवो.

ओला कापूस ढिगात गेला तर काय होतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगतो. ढीग वरून पांढराशुभ्र दिसतो आणि आतून तापतो. तापून रुई पिवळी पडते, सरकी कुजते, आंबट वास सुटतो. कळतं तेव्हा निम्मा ढीग गेलेला असतो. म्हणून आम्ही लोखंडी गज ढिगात खोल खुपसून ठेवायचो. थोड्या वेळाने बाहेर ओढायचा, हात लावून बघायचा. थंड निघाला तर ठीक.

त्या आवारात माझ्या शब्दाला शेठसुद्धा आडवा जात नव्हता. तिजोरीची किल्ली मुनीमजींकडे, पण फाटकातून आत काय येईल ते माझ्या पुढच्या दातांवर. मला हे काम कोणी शिकवलं नाही. मी बघून शिकलो आणि शिकवणाऱ्यांच्या पुढे गेलो. हे फुशारकीचं वाटत असेल तर वाटू दे.

आता बिडी. मी बिडी ओढायचो, आणि पुष्कळ ओढायचो. जिनच्या आत बिडीला बंदी, ठिणगी पडली तर सगळंच गेलं. फाटकावर पहारेकरी खिसे चाचपायचा, बिड्या-काडेपेटी लाकडी पेटीत ठेवून घ्यायचा. सुट्टी झाली की मी पहिला फाटकाबाहेर. तिथे निंबाखाली दगड होता, तो माझा. विझली की दुसरी. सकाळी उठल्यावर एक, राखुंडीने दात घासले की एक, जेवणानंतरची तर बोलायलाच नको.

मला कोणी सांगायचं की बिडीने दात जातात, तर मी त्याला चुलीकडे बोट दाखवायचो. आमच्याकडे बियाण्याची ज्वारीची आणि मक्याची कणसं चुलीवर आढ्याला टांगतात. वर्षभर धूर लागतो, कणसं काळी पडतात, पण त्यांना कीड लागत नाही. खाली कणगीतल्या दाण्याला लागते, वरच्याला नाही. मग मी विचारायचो, धुराने दाण्याला कीड लागत नाही तर दाताला कशी लागेल? माझ्या हिरड्या काळसर, घट्ट होत्या. घासताना कधी रक्ताचा थेंब नाही. बायकोच्या हिरड्यांतून यायचं, माझ्या नाही. ह्यापेक्षा पुरावा काय पाहिजे?

साडू त्या सालाच्या आधल्या हंगामात आला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहणारा धुळ्याचा. तिकडचं काम सुटलं, बायकोने माझ्यामागे टुमणं लावलं, म्हणून मी शेठला सांगून त्याला ढिगावर लावला. ढीग रचायचा, गज घालून ताप बघायचा. काम सोपं, पण त्याला ते फार मोठं वाटायचं. दिवसभर तोंडात निंबाची काडी. काम करताना चघळायचा, बोलताना चघळायचा, माझ्याशी बोलताना तर काडी ह्या गालातून त्या गालात फिरवायचा. दात त्याचे पांढरे होते. असणारच, दुसरा उद्योग काय होता त्याला.

दात गेला त्या हंगामाच्या सुरुवातीला एकदा फाटकाबाहेर मी दगडावर बसलो होतो. हा समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"काय बघस?" मी म्हटलं.

"नाना, तुमना दात लांब व्हयनात."

"माणसाचे दात लांब होतात का रे? उंदीर आहे का मी?"

"मी तर जे दिसस ते सांगी ऱ्हायनू. मागल्या साली एवढा नव्हतात."

पहारेकरी हसला. मी हातातली बिडी साडूच्या पायाशी टाकली आणि आत गेलो. पण सांगायला पाहिजे, त्या दिवशी घरी आरशात पाहिलं. दात लांब झाले नव्हते. हिरडी खाली सरकली होती, दाताचं पिवळं मूळ उघडं पडलं होतं, आणि दोन दातांच्या मध्ये फट होती जी आधी नव्हती. मी म्हटलं, वय होतं माणसाचं. छत्तीस.

मग त्या म्हाताऱ्याची गाडी आली.

एरंडोलच्या बाजूचा शेतकरी, डोक्याला मळका फेटा, माझ्या बापाच्या वयाचा. मी गाडीवर चढलो, हात घातला, सरकी काढली, चावली. फुटली नाही. दुसरी चावली. तीही दाताखाली दबल्यासारखी वाटली.

"ओला," मी म्हटलं. "फिरव गाडी."

"ओला?" म्हातारा बैलाच्या पुढ्यातून मागे आला. "भाऊ, बठ्ठा सुका शे. आठ दिन उनमा पडेल शे."

"उन्हात पडला असेल. मग कोणीतरी पाणी पाजलं असेल. फिरव."

"परत चाव."

"मला शिकवतोस?"

म्हातारा चाकावर पाय देऊन वर चढला. मी अडवलं नाही, बघू दे म्हटलं. त्याने माझ्याच मुठीतली सरकी घेतली, आपल्या पुढच्या दातांत धरली. कट्. आवारात बैल, गाडीवाले, हमाल, सगळे होते. सगळ्यांनी ऐकलं. त्याने दुसरी घेतली. कट्. मग माझ्याकडे वळून म्हणाला, आणि हळू नाही म्हणाला:

"तुना दात ढिला शेतस भाऊ. मना कापूस नही." म्हणजे, ढिले तुझे दात आहेत, माझा कापूस ओला नाही.

मागच्या गाडीवाल्यांनी जो गलका केला तो मी अजून विसरलो नाही. एकाने मागच्या आठवड्यात मी फिरवलेल्या त्याच्या गाडीची गोष्ट काढली, दुसऱ्याने त्याच्या मेव्हण्याच्या गाडीची. कोणी ओरडलं, "नानाला कणकीचा गोळा द्या रे चावायला!" शेठ गादीवरून उठून आला.

शेठ शांत माणूस होता. ओरडायचा नाही, म्हणून त्याचा जास्त राग यायचा. त्याने साडूला हाक मारली.

"तू चाव रे."

साडूने काडी काढून कानावर ठेवली, सरकी चावली. कट्.

"सुका," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. ते न बघणं मला बघण्यापेक्षा लागलं.

"नाना," शेठ म्हणाला, "उद्या जळगावला जा. तिथे दाताचा डॉक्टर आलाय, मुंबईहून शिकून. दाखव. दात बरे झाले की गाडीवर तूच. तोवर हा चढेल."

ज्याला मी ढिगावर लावला तो माझ्या गाडीवर चढणार.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने जळगावला गेलो. डॉक्टर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायचा. अरुंद, उभा जिना. वर पायाने वरखाली होणारी खुर्ची, आणि डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. मला म्हणतो, "बसा भाऊ, किती बिड्या ओढता?" राम राम नाही, कुठले, काय नाही.

"तुम्ही दात बघा. बिडीचं मी बघतो."

तो हसला. आरसा घातला, मग एक बारीक आकडी घेतली आणि दाताच्या कडेने हिरडीत खाली घातली. मला वाटलं थोडी आत जाईल. ती जातच राहिली. दुखलं नाही, पण दाताच्या बाजूने एवढी खोल जागा असते हे मला माहीत नव्हतं. मला ढिगात जाणारा गज आठवला, आणि तो आठवला म्हणूनच मला त्या पोराचा जास्त राग आला.

"आतून हिरडीने दात सोडलाय," तो म्हणाला. "खालचं हाडही झिजलंय. खालचे पुढचे चारही हलताहेत."

"माझ्या हिरडीतून कधी रक्त येत नाही."

"तेच तर. बिडी ओढणाऱ्याला येत नाही. धुराने हिरडीतल्या बारीक नसा आवळतात. आत कुजत असतं आणि वर काही दिसत नाही. दुसऱ्याला रक्त येतं, तो घाबरून येतो. तुम्ही नाही आलात."

"म्हणजे बिडीने रक्त थांबतं."

"रक्त थांबतं. रोग नाही."

"थांबतं ना पण?"

त्याने आकडी ताटलीत टाकली, चांगली खण्ण वाजली. "भाऊ, वाद घालायला आलात की दात दाखवायला?"

"दात दाखवायला. ते तुम्ही पाहिलेत. औषध द्या."

"औषध म्हणजे बिडी बंद. आणि चार-पाच वेळा यायचं, मी हिरडीखालची घाण खरवडून काढणार. खालचे दोन बहुतेक जातील. वरचे राहतील, बिडी सोडलीत तर. नाही सोडली तर ह्या खुर्चीत परत येऊ नका, माझा वेळ जातो."

असं कोणी मला माझ्या उभ्या आयुष्यात बोललं नव्हतं. शेठ नाही, बाप नाही. मी उठलो, पागोटं उचललं आणि जिना उतरायला लागलो. वरून त्याचा आवाज आला, "आणि ऐका, बिडी सोडल्यावर पहिले काही दिवस..."

मी ऐकलं नाही. पागोटं कानावर ओढलं आणि रस्त्यावर आलो.

पण बिडी मी सोडली. त्याचं ऐकून नाही. एवढ्याशा पोराने मला 'नाही सोडली तर' म्हणावं, ह्या रागाने सोडली. आगगाडीतच बंडल खिडकीबाहेर फेकलं. त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. फाटकाबाहेरचा माझा दगड मी पाहुण्यासारखा लांबून बघायचो. आत माझ्या गाड्यांवर साडू चढायचा. त्याला हात कसा घालायचा तेसुद्धा माहीत नव्हतं, कोपरापर्यंत घालायचा आणि वरचा कापूस काढायचा. मी खालून ओरडायचो, "तळाचा काढ, तळाचा! आंघोळीचं पाणी बघतोस काय हात बुडवून!" तो वरून म्हणायचा, "नाना, दात कसा शेतस आते?" म्हणजे, दात कसे आहेत आता. गाडीवाले हसायचे. रोज.

आणि मग एका सकाळी राखुंडी लावून चूळ भरली, तर चूळ लाल.

आधी मला वाटलं बोट कापलं. बोट पाहिलं, ठीक होतं. परत चूळ भरली, परत लाल. सगळ्या हिरड्यांतून झिरपत होतं. बायको तुळशीला पाणी घालत होती, तिने पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

"बिडी सोडी आनि रगत उनं," ती म्हणाली.

आजवर रक्त बघून कोणाला आनंद झाला नसेल एवढा मला झाला. बिडी होती तेव्हा रक्त नव्हतं, बिडी गेली आणि रक्त आलं. आणखी काय सिद्ध करायचं? धुरावरचं कणीस खाली काढलं की त्याला कीड लागते. मी तसाच दुकानात गेलो, बंडल घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या पेटवली. पहिला झुरका छातीत उतरला तेव्हा मी त्या डॉक्टरच्या जिन्याची आठवण काढून धूर सोडला. थोड्याच दिवसांत चूळ पांढरी झाली. पार पांढरी.

शेठच्या गादीपुढे मी पाणी घेऊन गेलो आणि सगळ्यांदेखत चूळ भरून दाखवली.

"बघा शेठ. डॉक्टरच्या सांगण्यावरून सोडली तर रक्त. ओढली तर बंद. आता हा मुंबईचा शहाणा म्हणेल ते खरं की हे खरं?"

मुनीमजींनी मान हलवली. त्यांच्या आजोबांचंही तसंच होतं म्हणे. शेठने चुळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चढ मग गाडीवर," तो म्हणाला. "पण दात घट्ट आहेत ना?"

"घट्ट."

साडू ढिगावर परत गेला. जाताना म्हणाला, "नाना, रगत बंद व्हयनं म्हणजे दात बरा व्हयनात का?" मी गाडीवर चढलो. त्याला कशाला उत्तर द्यायचं?

आता जे मी केलं ते कोणीही केलं असतं. पुढचे दात चावताना दबत होते, म्हणून मी सरकी दाढेखाली घ्यायला लागलो. दाढ भक्कम होती. तिथे सरकी फुटायची, आवाज यायचा, मी 'सुका' म्हणायचो. गाडीवाले खूश, शेठ खूश. दाढेखाली सुकीही फुटते आणि ओलीही फुटते. पुढच्या दाताला जे कळतं ते दाढेला कळत नाही, ती नुसती भरडते. कुठल्याही पारखणाऱ्याला हे समजायला वेळ लागला असता, कारण दाढेने पारख कोणी केलेलीच नव्हती.

संक्रांत झाली होती. भर दुपारी साडू ढिगावरून ओरडला. गज हातात धरून तो खाली उतरला आणि गज मातीत टाकून हात झटकायला लागला. पहारेकऱ्याने गजाला बोट लावलं आणि मागे घेतलं.

शेठने ढीग फोडायला लावला. वरचे थर पांढरे. हमालांनी लोखंडी पंजांनी मध्यापर्यंत उकरलं, आणि आतून वाफ आली. हिवाळ्याची दुपार, सगळ्यांना दिसली. मग वास. मधला कापूस हळदीसारखा पिवळा, ओला गोळा झालेला. हमाल नाकाला फडकी लावून ओढत होते आणि पिवळं संपत नव्हतं.

"ह्या थराच्या गाड्या कोणी पास केल्या?" शेठने विचारलं. कोणी केल्या ते सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही.

"मी," मी म्हटलं. "सुका होता. ढीग रचणाऱ्याने कुठून पाणी घातलं ते त्याला विचारा."

साडूच्या तोंडातून काडी पडली. "मी? मी पानी घालं? नाना, मना पोटवर पाय देतस?"

"तुझ्या पोटाची सोय मीच लावली."

"मंग दात दखाडा! बठ्ठास्ना समोर दखाडा!" म्हणजे सगळ्यांसमोर दाखवा. तो माझ्या एवढा जवळ आला की त्याच्या तोंडाचा निंबाचा वास मला आला. माझ्या तोंडाचा त्याला आला असणार, त्याने तोंड फिरवलं.

शेठने हात वर केला. बाहेर उन्हात नव्या गाडीचा कापूस होता. त्यातली एक सरकी त्याने स्वतः सोलली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

"पुढच्या दातांनी," तो म्हणाला.

मी त्याच्या डोळ्यांत बघून सरकी दातांत धरली आणि सगळ्या जोरानिशी चावली. नाही म्हणायची माझी जातच नाही. सरकी फुटली नाही. काहीतरी आडवं झालं. दुखलं नाही, हे मला पहिल्यांदा विचित्र वाटलं. जिभेवर दोन कठीण वस्तू आल्या. मी तळव्यावर थुंकलो. एक सरकी होती, अख्खी. दुसरा माझा दात. मुळापासून निघाला होता, टोकापर्यंत, आणि मुळावर काळा खडा चढलेला. त्याच्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तोंडात बोट घालून पाहिलं, बोट कोरडं. पिकलेल्या बोंडातून कापूस निघतो तसा तो निघाला होता.

कोणी हसलं नाही. साडूसुद्धा नाही, हे त्याने पंगतीत कधी सांगितलं नाही. तो वाकला, माझ्या तळव्यावरून खाली घरंगळलेला दात मातीतून उचलला, फुंकर मारली आणि माझ्या हातात ठेवला.

"नाना, हाई तुमनी सरकी," तो म्हणाला.

तेव्हा हसले.

शेठ एवढंच म्हणाला की उद्यापासून गाडीवर साडू, आणि मी ढिगावर. पुढच्या हंगामात दात असतील तर बघू. फाटकावर पहारेकऱ्याने पेटीतून माझं बंडल काढून दिलं तेही माझ्याकडे न बघता.

घरी बायकोला कळलं होतं. अशा गोष्टी माझ्या आधी घरी पोचतात. तिने भाकरी कुस्करून, दूध घालून पुढे ठेवली, लहान पोराला देतात तशी. ताट मी सरकवलं.

"बिडीनी धरी ठेवेल व्हतात ना दात?" ती म्हणाली. बिडीने धरून ठेवले होते ना दात.

मी तिला काय बोललो ते लिहीत नाही. तीही गप्प बसणारी नव्हती. एकदा भांडून झालं की आमच्या घरात बरं वाटायचं, त्या दिवशी वाटलं नाही. ती भांडी घासायला गेली आणि मी ओट्यावर दात तळव्यावर घेऊन बसलो. बोकडाचा दात पाडला तरी रक्त येतं. जिवंत वस्तू जिवंत जागेतून काढली तर रक्त येणारच. ह्याला आलं नाही, म्हणजे तो तिथे नुसता उभा होता, त्याला कोणी धरलेलं नव्हतं. आणि चूळ पांढरी झाली तेव्हा मी शेठपुढे कसली चूळ दाखवली होती? वरच्या थराची. मी, ज्याने आयुष्यभर गाडीवाल्यांना सांगितलं की वरचं दाखवू नका.

अंगठ्याने मी बाकीचे दात एकेक हलवून पाहिले. खालचे हलले. वरचे दोन पुढचे, हलले नाहीत. मी जोर लावला, तरी नाही. वरचे दोन घट्ट असले आणि खाली शेजारचे राहिले तर सरकी धरता येते. पुढच्या हंगामाला दिवाळीनंतर गाड्या लागतील. तोवर हे राहिले तर मी परत चढेन, आणि साडू परत ढिगावर. दुसरं मला काही नको होतं. बिडीचं बंडल चुलीत टाकलं. बायकोने विचारलं वास कसला, मी सांगितलं नाही.

मी चुकलो असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. डॉक्टरचं वाक्य अर्धं राहिलं, ते माझ्यामुळे की त्याच्यामुळे? चार पायऱ्या खाली उतरून यायला त्याला काय झालं होतं? शिकलेल्या माणसाला खाली उतरायचं असतं तर तो वर कशाला बसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या आगगाडीने मी जळगावला गेलो. डॉक्टरचं दार उघडलं नव्हतं, मी वरच्या पायरीवर बसलो. तो आला, त्याने मला ओळखलं आणि कुलूप काढलं. मी राम राम केला नाही. रुमालाची गाठ सोडून दात त्याच्या ताटलीत ठेवला, खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "त्या दिवशी जिन्यावर काय सांगत होतात, ते पुरं सांगा."

"बिडी सोडल्यावर पहिले काही दिवस रक्त येईल," तो म्हणाला. "घाबरून परत ओढू नका. हिरडीत रक्त फिरायला लागल्याची खूण आहे ती."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

मी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तोंड उघडलं.